पाण्याच्या बोलणीत कोरडवाहूचा आकडा कुठे आहे?

(कवठे महांकाळ येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीपुढे एक ठराव आला आहे. तालुक्याच्या पूर्व भागातल्या तरुणांनी तो लिहून आणला आहे. म्हणणे सरळ आहे. म्हैसाळचे पाणी आमच्या शिवारात वेळेवर येत नाही, शासन ऐकत नाही, तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. जतच्या गावांनी असे म्हटले तेव्हा मुंबईला जाग आली, मग आपणच गप्प का बसायचे? काही पुढारी मंडळी या पोरांना हसली म्हणे. आम्ही हसणार नाही. ज्याच्या पोटरीतल्या शाळूला पाणी मिळाले नाही त्याने काय बोलावे हे आम्ही ठरवणार नाही. पण हात वर करायच्या आधी घटकाभर थांबा. दोन राज्ये, दोन देश पाण्यावरून वीस-वीस, तीस-तीस वर्षे बोलणी करतात. ती बोलणी कशी चालतात, त्यात कोण कमावतो आणि कोण उपाशी राहतो, हे आधी बघू. मग ठरावाचे काय ते ठरवा.

खरसुंडीच्या यात्रेत खिलार जोडीचा सौदा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रुमालाखाली बोटे धरून भाव होतो. हेडी बैलाचे दात नंतर बघतो. आधी तो अंदाज घेतो की विकणाऱ्याच्या घरी वैरण किती शिल्लक आहे. वैरण संपलेली दिसली की हेडी निवांत होतो, चहा मागवतो, दुसरी जोडी बघून येतो म्हणतो. त्याला घाई नाही, घाई आपल्याला आहे. सरकारांच्या वाटाघाटी याहून काही वेगळ्या नसतात. फक्त रुमालाच्या जागी फायली असतात.

आता कृष्णामाईचीच गोष्ट घ्या. १९५१ च्या जुलैमध्ये दिल्लीला नियोजन आयोगाने बैठक बोलावली. मुंबई, मद्रास, हैदराबाद, मैसूर, सगळे आले. २५ वर्षांसाठी कृष्णेचे वाटप ठरले. मैसूरने बसून सगळे ऐकले आणि शेवटी करार मंजूर केला नाही. झाले! पुढे १९५३ ला आंध्र झाला, १९५६ ला सगळाच नकाशा बदलला, आणि तो कागद कागदच राहिला. बसायचे, ऐकायचे, समोरच्याचे सगळे पत्ते बघायचे आणि सही करायची नाही, हा बोलणीतला पहिला डाव.

दुसरा डाव आपल्या ओळखीचा आहे. भावकीत बांधाचा तंटा कोर्टात असतो. तारखांवर तारखा पडतात. तेवढ्यात शेजारचा दरवर्षी नांगराचे एक तास बांधात घालतो. दहा वर्षांनी निकाल लागतो तेव्हा बांध दोन हात सरकलेला असतो, आणि मोजणीवाला म्हणतो, वहिवाट अशी दिसते. राज्येही बांध कोरतात. १९५५ च्या डिसेंबरात नागार्जुनसागरचा पाया घातला गेला. १९६४ साली अलमट्टीची पायाभरणी झाली. बोलणी चालूच होती. आणि आपले राज्य काही साधूसंत नव्हते. कोयनेचे पाणी घाटाखाली वळवून वीज करण्याचे काम तेव्हाच उभे राहत होते. पुढे लवाद बसला तेव्हा त्याने काय धरले? १९६० च्या सप्टेंबरपर्यंत जे प्रकल्प चालू होते किंवा विचारात होते त्यांना पुढच्या मागण्यांपेक्षा झुकते माप दिले. कोयनेला पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी मंजूर झाले. ज्याचा दगड आधी बसला त्याचे पाणी आधी धरले गेले. दुष्काळी तालुक्यांचा दगड बसलाच नव्हता. लवादाने काय बघायचे?

तिसरी गोष्ट मोजमापाची, आणि आम्ही शेतीशास्त्र शिकून आलेली माणसे असल्यामुळे या गोष्टीवर जरा जास्त बोलणार आहोत.

१९६१ साली केंद्राने कृष्णा-गोदावरी आयोग नेमला. अध्यक्ष होते निरंजनदास गुल्हाटी. हे गृहस्थ कोण? भारत आणि पाकिस्तान यांच्यात सिंधूच्या पाण्याची जी बोलणी झाली, त्यात ते भारताच्या बाजूने बसलेले इंजिनियर. म्हणजे परक्या देशाशी पाण्याचा करार करून आलेला माणूस घरच्या भांडणात पंच म्हणून आला. त्यांच्या आयोगाने १९६२ ला सांगितले की नदीत पाणी किती आहे याची पुरेशी मोजमापेच नाहीत. देशाशी देशाचे जमले आणि इथे नदी मोजलेली नव्हती!

ते सिंधूचे कसे जमले ते सांगायला हवे. १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले. मे महिन्यात तात्पुरता समझोता झाला आणि मग नुसती चिखलफेक. १९५१ साली अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या कामाचा माजी प्रमुख डेव्हिड लिलिएन्थल याने लिहिले की यात राजकारण बाजूला ठेवून इंजिनियर बसवा. जागतिक बँकेचे युजीन ब्लॅक यांनी ते उचलले. १९५२ पासून बोलणी सुरू झाली. बँकेने एक अट घातली की कोणी कोणावर काय अन्याय केला हे टेबलावर आणायचे नाही, पाणी किती आणि कालवे कुठून निघतात एवढेच बोलायचे. तरी दोन वर्षे दोघेही आपापले आकडे कुरवाळत बसले. १९५४ मध्ये बँकेने चाल बदलली. प्रत्येक नदीचे पाणी वाटत बसण्यापेक्षा नद्याच वाटा. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे. तरीसुद्धा सही व्हायला १९६० उजाडले. १९ सप्टेंबरला कराचीत नेहरू आणि अयुबखान यांनी सह्या केल्या. पाकिस्तानला नवे कालवे काढावे लागणार होते, त्यासाठी भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत द्यायचे ठरले. १९६५ ला युद्ध झाले तरी हप्ते थांबले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो करार स्थगित ठेवला, म्हणजे ६५ वर्षे तो चालला. त्यात तीन युद्धे येऊन गेली.

यातून आम्हाला एक दिसते. अन्यायाची यादी खरी असली तरी बोलणी तिथून सुरू झाली की तिथेच अडकतात. आपल्या मेळाव्यांत काय होते? आठ वक्ते उठतात आणि आठही जण अन्यायावर बोलतात. टाळ्या पडतात. कोणी विचारत नाही की गेल्या आवर्तनात आपल्या पोटकालव्याला किती दिवस, किती खोलीचे पाणी आले. विचारले तर सांगता येत नाही. पाटबंधारे खात्याकडे मात्र आकडा असतो. खरा असो, खोटा असो, असतो. आणि टेबलावर आकडा असणाऱ्यासमोर नुसता राग घेऊन जाणारा दर वेळी हरतो.

पुढचे भराभर सांगतो. १९६३ च्या मार्चमध्ये केंद्राच्या पाटबंधारे मंत्र्यांनी लोकसभेत तात्पुरते आकडे सांगितले. महाराष्ट्र ४००, मैसूर ६००, आंध्र ८०० टीएमसी. कोणीच समाधानी नव्हते. १९६९ च्या एप्रिलात बच्छावत लवाद बसला. लवादापुढे तिन्ही राज्यांचे निदान एका आकड्यावर एकमत झाले, की चारपैकी तीन वर्षे नदीत २०६० टीएमसी भरवशाचे पाणी असते. हे एकमत झाले म्हणून पुढचे वाटप होऊ शकले. १९७३ ला निवाडा, १९७६ ला अंतिम आदेश. महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००, शिवाय परतीच्या पाण्याचा थोडा वाटा. आणि ३१ मे २००० नंतर फेरविचार करता येईल अशी तरतूद.

आता एक मजा बघा. ही तीन राज्ये एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हती, त्याच १९७६ साली तिघांनी प्रत्येकी ५ टीएमसी मद्रास शहराच्या पिण्यासाठी द्यायचे मान्य केले. एकूण १५. मद्रास कृष्णेच्या खोऱ्यात नाही. खोऱ्यात आहोत आपण, आटपाडी, जत, माण, खटाव, सांगोला. चेन्नईच्या लोकांनी पाणी पिऊ नये असे आम्ही म्हणत नाही, त्यांची तहान खरीच होती. पण भांडणाऱ्या तिघांकडून सही कशी मिळाली? मागणी एका शहराची होती, एका कामासाठी होती, आकडा लहान होता, आणि तिघांवर सारखा पडत होता. कोणाला कोणापुढे मान तुकवावी लागली नाही.

सन २००० ची भीती आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. वापरले नाही तर आपले ५६० हातचे जातील, म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले, कर्जरोखे विकले, धरणांची घाई झाली. त्याच्या आधी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या होत्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न तिथे मांडला. त्या परिषदा झाल्या नसत्या तर धरणे नदीकाठच्या उसासाठीच भरली गेली असती, याबद्दल आम्हाला शंका नाही. ताकारी-म्हैसाळची कागदावरची कामे हलली ती त्या रेट्याने. तरी धरणे पुढे गेली आणि उपशाचे टप्पे मागे राहिले. पंप बसले तर वीजबिल थकले म्हणून ते बंद. शेवटी बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे, हे मान्य व्हायला आणखी कितीतरी वर्षे गेली.

२००४ मध्ये दुसरा लवाद बसला, न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा. डिसेंबर २०१० मध्ये निवाडा आला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पुढचा अहवाल. महाराष्ट्राला परतीचे पाणी धरून ६६६ टीएमसी, कर्नाटकाला ९०७, आंध्राला १००५. अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला त्याने परवानगी दिली. मधेच, सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा राजपत्रात छापण्याला अटकाव केला, आणि तो तिथे अडकला. मग २०१४ ला तेलंगण झाले, पुन्हा नवा भागीदार, पुन्हा नवे बोलणे.

४०० चे ५६० झाले, ५६० चे ६६६ झाले. आकडा वाढत गेला. त्यात कवठे महांकाळचे किती? लवादापुढे महाराष्ट्र बसतो, कवठे महांकाळ बसत नाही. राज्याने आपल्या नावावर, आपला दुष्काळ दाखवून पाणी मागितले. ते मिळाल्यावर कोणत्या तालुक्याला किती हे लवादाने विचारले नाही आणि राज्याने आपणहून सांगितले नाही. बोलणी लांबली की त्याची झळ टेबलावरच्या माणसाला लागत नाही. ती शेपटाच्या गावाला लागते.

आता जतकडे येऊ, कारण ठराव तिथून स्फुरला आहे. पूर्व जतच्या गावांनी २०१२ च्या दुष्काळातच कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. ते धूळ खात पडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी ते ठराव पुढे करून जतच्या ४० गावांवर दावा सांगितला. तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या शिवेत सोडूनही दाखवले. बेळगाव-कारवारचा सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे महाराष्ट्राला ही गोष्ट चांगलीच झोंबली. १४ डिसेंबरला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवले, तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली, दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. आणि या धामधुमीत जतच्या वंचित गावांसाठी म्हैसाळ विस्तारित योजनेचे काम पुढे सरकले. दहा वर्षे जे अर्जांनी झाले नाही ते काही आठवड्यांत झाले.

पण ते का झाले हे नीट बघा. जतच्या गावांना दुसरा दरवाजा खरोखर होता. पलीकडचे पाणी शिवेपर्यंत आलेले डोळ्यांनी दिसत होते. त्यांची गावे मोजलेली होती, नावानिशी यादी होती. आणि वेळ अशी होती की त्यांच्या ठरावाचा कागद सीमेच्या भांडणात दुसऱ्या बाजूला उपयोगी होता. आपल्याकडे यातले काय आहे? आपल्या शिवेपलीकडे अथणी तालुका. त्याच्या पूर्वेकडची कोरडवाहू गावे स्वतःच उपसा योजनेसाठी भांडत आली आहेत. ते आपल्याला पाणी कुठून देणार? शिवाय आपली अग्रणी नदी खानापुरातून निघते, तासगाव आणि आपल्या तालुक्यातून वाहते आणि अथणीत जाऊन कृष्णेला मिळते. कृष्णेत आपण शेपटाला आहोत, पण अग्रणीत आपण डोक्याला आहोत. अग्रणीत आपण बंधारे घातले, पात्र खोल केले, चांगले केले. उद्या अथणीच्या शेतकऱ्यासमोर बसलो तर तो पहिला प्रश्न हाच विचारील की आमचे किती अडवलेत? त्याचे उत्तर आपल्याजवळ असायला हवे.

जाण्याची धमकी हे हत्यार आहे, पण ते एकदाच चालते. जे करायचे नाही ते करू म्हणून दोनदा सांगितले की तिसऱ्यांदा तलाठीसुद्धा विचारत नाही. म्हणून आमचे मत असे की हा ठराव आज मंजूर करू नये. पोरांनो, फाडून टाका असे म्हणत नाही. घडी घालून ठेवा.

मग मागायचे काय? थोडे गणित करू. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. शाळूला दोन संरक्षित पाळ्या दिल्या, एक पेरणीनंतर महिन्याने आणि दुसरी पोटरीत, ५०-५५ दिवसांनी, पाळीला साडेसात सेंटिमीटर धरले, तर हेक्टरी दीड हजार घनमीटर लागते. म्हणजे एक टीएमसीत सुमारे ४७ हजार एकर. वाटेत निम्मे मुरले, चोरीला गेले असे धरा, तरी २३ हजार एकरांवर मालदांडीचे कणीस भरते. तेच पाणी उसाला दिले तर, एक थेंब वाया न जाता, साडेतीन हजार एकर. कापसाचेही तसेच, बोंडे धरताना उघडीप पडली तर एक पाणी पुरते. आपली गरज लहान आहे. आपणच ती कधी लहान करून मांडली नाही. आपण म्हणतो 'पाणी द्या', आणि ऐकणाऱ्याला वाटते याला ऊस लावायचा आहे. खरे सांगायचे तर आपल्यातल्या काही जणांना लावायचाही आहे!

आणि यातला महिना बघा. सप्टेंबरअखेर पेरलेल्या शाळूची ही दोन पाणी ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात येतात. तेव्हा कोयना भरलेली असते, वारणा भरलेली असते. कर्नाटक आपल्याकडे पाण्यासाठी पत्रे पाठवते ती एप्रिल-मेमध्ये, कृष्णेचे पात्र कोरडे पडल्यावर. मधे अशीही चर्चा होती की उन्हाळ्यात आपण त्यांना कोयनेतून सोडावे आणि तेवढेच त्यांनी जतला द्यावे. कल्पना वाईट नाही, पण दोघांनाही उन्हाळ्यातच पाणी महाग असते, त्यामुळे ती रेंगाळली. २०२१ च्या जूनमध्ये जयंत पाटील बंगळूरला जाऊन येडियुरप्पांना भेटले. विषय होता पुराचा, धरणांच्या पातळीची माहिती एकमेकांना वेळेवर द्यायची. ती बोलणी एका दिवसात जुळली, कारण त्यात कोणाचे काही जात नव्हते. आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पाणी मागितले तर अथणीचेही काही जात नाही आणि काठच्या बागायतदाराचेही फारसे जात नाही. पंप मात्र बहुतेक वर्षी सुरू होतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर, शाळू खळ्यात आल्यावर. भांडायचे ते या तारखेवर.

म्हणून आम्ही दुसरा मसुदा केला आहे. राज्याच्या कृष्णेच्या वाट्यातला कवठे महांकाळचा आकडा लेखी जाहीर करावा. तालुक्याच्या शिवेवर आणि प्रत्येक पोटकालव्याच्या तोंडाशी पाणी मोजावे आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. कोरडवाहू पिकांच्या दोन पाळ्या ऊस-द्राक्षांच्या आवर्तनाआधी द्याव्यात. लवाद, अलमट्टी, सीमा यांचा निकाल लागेपर्यंत यातले काही थांबवायची गरज नाही, कारण हे सगळे राज्याच्या स्वतःच्या हातात आहे.

खात्याचे साहेब बहुधा म्हणतील की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यांना विचारा, पोटरीतला शाळू कोणत्या कोर्टात आहे? आणि एकटे जाऊ नका. प्रत्येक गावाचे दोघे, त्यात एक बाई, कारण रात्रीची पाळी धरायला बहुतेक घरांत तीच जाते आणि पाणी किती वाजता तुटले हे तिलाच ठाऊक असते. चहा प्या, पण तोंडी आश्वासन घेऊन उठू नका. त्याच दिवशी, त्याच टेबलावर इतिवृत्त लिहून सही मागा. सही मिळाली नाही तर 'मिळाली नाही' असे आपल्या वहीत तारखेसह लिहा.

मसुद्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. त्यात तीन रकाने मोकळे ठेवले आहेत: गावाचे कोरडवाहू क्षेत्र, गेल्या तीन वर्षांत पाणी आल्याच्या तारखा, आणि भरलेल्या सात नंबर अर्जांची संख्या. तारखा आठवणीने लिहू नका, पाणीपट्टीच्या पावत्या आणि सोसायटीची वही बघून लिहा. पोरांनी आणलेला ठराव आणि हा मसुदा, दोन्ही आता चर्चेला खुले आहेत. पूर्व भागातल्या मंडळींनी आधी बोलावे.